गुंठा कायदेशीर होईल, पाण्याचं काय?

२०२५ च्या जुलैमध्ये विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी तुकडेबंदी कायदा शिथिल करण्याची घोषणा केली. नागरी वस्ती असलेल्या भागात १ जानेवारी २०२५ पर्यंत पडलेले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे कायदेशीर करणार, असा तिचा सारांश. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून केला होता. पण शहरं वाढली, शेतं विकली गेली आणि लाखो कुटुंबांनी एक-एक, दीड-दीड गुंठा घेऊन घरं बांधली. त्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर होत असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. यात आपल्या समाजातली कुटुंबंही भरपूर आहेत.

पण या घोषणेचा दुसरा परिणाम आमच्या भागात लगेच दिसू लागला. "आता सगळं कायदेशीर होणार आहे, आजच बयाणा देऊन टाका," असं सांगत प्लॉट विकणारे दलाल पुन्हा फिरू लागले. कोरपना, गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर, सगळीकडे हीच भाषा आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सरकार कागद नियमित करू शकतं, पाण्याला नियमित करू शकत नाही. जो तुकडा नाल्याच्या पोटात आहे, तो सातबाऱ्यावर तुमचं नाव चढल्यावरही नाल्याच्या पोटातच राहतो.

आयुष्यभराची कमाई, बायकोचे दागिने, आखाती देशातून भावाने पाठवलेले पैसे, हे सगळं आपण एका प्लॉटमध्ये घालतो. त्यामुळे घर कसं बांधायचं हा प्रश्न नंतरचा. कुठे बांधायचं, हा पहिला.

तीन प्रकारचं पाणी

कोरपना तालुका सिमेंटसाठी ओळखला जातो. जमिनीखाली चुनखडी, वर कापूस-सोयाबीनची काळी माती, एका बाजूला माणिकगडचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पैनगंगा व वर्धा या दोन नद्या. तालुक्यातली बरीच कुटुंबं कामासाठी गडचांदूरला आणि मुलांच्या शिक्षणासाठी चंद्रपूरला सरकतात. म्हणून आपल्यासाठी घर निवडणं म्हणजे बहुतेक वेळा या शहरांच्या कडेचा एखादा लेआऊट निवडणं असतं. आणि शहराच्या कडेला स्वस्तात काय उरलेलं असतं? सखल जमीन.

"तिथे पूर येतो का?" असं आपण विचारतो. "नाही हो, नदी तर कितीतरी लांब आहे," असं उत्तर मिळतं. हे उत्तर खरं असूनही फसवं असू शकतं, कारण पाणी तीन वाटांनी घरात येतं.

पहिली वाट नदीची. धरणांचे दरवाजे उघडले, वरच्या जिल्ह्यांत पाऊस झाला, की वर्धा आणि पैनगंगा फुगतात. आपल्याकडे ऊन पडलेलं असतानाही पाणी वाढत राहतं. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हेच झालं. राजुरा-बल्लारपूर मार्गावरच्या वर्धेच्या पुलावरून पाणी वाहत होतं. भोयगावकडून चंद्रपूरला जाणारा रस्ताही पूर आला की बंद पडतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे.

दुसरी वाट उलट्या पाण्याची. मोठी नदी भरून वाहत असते, तेव्हा तिला मिळणाऱ्या लहान नदीचं किंवा नाल्याचं पाणी आत जाऊ शकत नाही. ते थांबतं आणि मागे सरकतं. चंद्रपूर शहरात इरई नदीच्या बाबतीत हे वारंवार घडतं. वर्धा फुगलेली असते, इरई धरणाचे दरवाजे उघडलेले असतात आणि मधल्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. २०२२ मध्ये रहमतनगर, सिस्टर कॉलनी या भागांतल्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. रहमतनगरात आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक राहतात, त्यामुळे ही बातमी आपल्याला फक्त वर्तमानपत्रातून कळली नाही. इरईच्या काठावरचे कोळसा खाणींचे मातीचे ढिगारे आणि पात्रात साचलेला गाळ यांबद्दल चंद्रपूरचे पर्यावरण अभ्यासक अनेक वर्षं बोलत आले आहेत. नदीची जागा आकसली की तिचं पाणी आपल्या जागेत येतं.

तिसरी वाट गटाराची. नदी शांत असते, धरण अर्धं रिकामं असतं, पण दोन-तीन तासांत इतका पाऊस कोसळतो की नाल्या तो वाहून नेऊ शकत नाहीत. २०२३ च्या जुलैत चंद्रपूर शहराने हा अनुभव घेतला. नदीपासून दूर असलेल्या मोहल्ल्यांतही गुडघाभर पाणी साचलं. हवा जितकी गरम होते, तितकी ती जास्त बाष्प धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणून असे थोड्या वेळातले मोठे पाऊस वाढत चालले आहेत. "आमच्याकडे कधी पाणी आलं नाही" हे वाक्य मागच्या पन्नास वर्षांबद्दल खरं असेल, पण पुढच्या पन्नास वर्षांची हमी त्यात नाही.

प्लॉट पाहताना या तिन्ही वाटा वेगवेगळ्या विचाराव्या लागतात. नदी लांब असली तरी नाला कुठे आहे? नाला कोणत्या नदीला मिळतो? रस्त्याच्या कडेची नाली जाऊन शेवटी पडते कुठे?

पांढरी आणि काळी

आपल्या भाषेत दोन जुने शब्द आहेत. गावाची वस्ती असलेली जमीन ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. जुन्या लोकांनी गाव बसवताना पांढरी निवडली. ती उंच, निचऱ्याची, घट्ट जमीन असायची. काळीत घर बांधायचं नाही, तिथे पेरायचं, हा व्यवहार सर्वांना माहीत होता. जुन्या गावठाणात आजही बघा, चावडी, मशीद, देऊळ, पाटलाचा वाडा हे सगळं बहुतेक थोड्या उंचीवर असतं.

आजचे लेआऊट मात्र काळीत पडतात, कारण विकायला शेतच असतं. आणि काळ्या मातीचा स्वभाव घराला मानवणारा नाही. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. वर उभं असलेलं घर दरवर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते ती अनेकदा यामुळेच. गवंड्याला शिव्या देऊन उपयोग नसतो.

यावर उपाय आहे. काळी माती पूर्ण खणून खालच्या मुरमापर्यंत पाया न्यावा. ते शक्य नसेल तर माती काढून मुरूम किंवा रेती थरांत भरून दाबावी आणि सर्व कॉलम जोत्याच्या पातळीवर बीमने बांधावेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगीर असलेले खांब विकसित केले. तिथला साधा विचार असा, की जिथे ओल वर्षभर बदलत नाही तिथपर्यंत खाली जायचं. काही ठिकाणी ही खोली साडेतीन मीटरपर्यंत असते. याचा खर्च येतो. म्हणूनच प्लॉटचा भाव विचारताना पायाचा भावही त्यात धरावा. स्वस्त प्लॉट आणि महाग पाया मिळून कधी कधी महाग प्लॉटएवढेच पैसे जातात.

कोरपना तालुका पूर्वी राजुरा तालुक्याचा भाग होता आणि हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५९ मध्ये तो चंद्रपूरला जोडला गेला. त्यामुळे इथले निजामी काळातले महसुली कागद उर्दूत आहेत. नवीन नकाशात नसलेला एखादा नाला, पाट किंवा तलाव जुन्या कागदात सापडू शकतो. आपल्या घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना जुनी उर्दू लिखावट वाचता येते, त्यांची खरी गरज इथे आहे. मुलांना उर्दू शिकून काय फायदा, असं विचारणाऱ्यांनी हाही एक फायदा लक्षात घ्यावा.

निळी रेषा, लाल रेषा आणि थोडं गणित

जलसंपदा विभाग नद्यांच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, म्हणजे तिथे घर बांधता येत नाही. निळी आणि लाल यांमधल्या पट्ट्यावर निर्बंध आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार तिथे बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंचीवर बांधावं लागतं.

आता "२५ वर्षांतून एकदा" या शब्दांनी मोठा घोळ होतो. लोकांना वाटतं, २०२२ ला पूर आला, आता २०४७ पर्यंत चिंता नाही. असं अजिबात नाही. त्याचा अर्थ दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात चार. नाणं उडवताना मागच्या वेळी छापा पडला म्हणून पुढच्या वेळी काटाच पडेल असं नसतं, तसंच हे. आठवी-नववीच्या मुलाला हे गणित करायला सांगा. ३० वर्षं राहायचं असेल, तर त्या काळात निळ्या रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता शंभरात सुमारे ७१ निघते. लाल रेषेपर्यंतच्या मोठ्या पुराचीही शंभरात २६ निघते, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्त. हा हिशोब जुन्या पावसावर आधारलेला आहे. पाऊस बदलतो आहे, म्हणून खरा धोका यापेक्षा कमी नाही, जास्तच धरावा.

पूररेषेच्या माहितीसाठी पाटबंधारे विभाग, नगर रचना कार्यालय आणि नगर परिषद किंवा महापालिका इथे लेखी अर्ज करता येतो. दलालाच्या तोंडी उत्तरावर थांबू नये. आणि एक ध्यानात ठेवा, पूररेषा नदीची असते. लहान नाल्याला बऱ्याचदा रेषा आखलेलीच नसते. तिथे आपले डोळे आणि शेजारी हाच नकाशा.

रोखीने घेणाऱ्याच्या बाजूने कोण बघतं?

आपल्या समाजात घरकर्ज टाळणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. व्याज नको, ही श्रद्धा आहे आणि तिचा आदर आहे. काहींना कर्ज हवं असूनही मिळत नाही, कारण गॅरेज, ट्रक, हातगाडी, ठेकेदारी या कामांना पगाराची पावती नसते. दोन्ही बाजूंनी परिणाम एकच, आपण रोखीने घेतो. थोडे आत्ता, थोडे ईदनंतर, बाकीचे कापूस विकल्यावर.

याची एक किंमत आहे, ती कोणी सांगत नाही. बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील मागच्या अनेक वर्षांचे व्यवहार तपासतो, मूल्यांकन करणारा जागेवर जातो आणि मंजूर नकाशा मागितला जातो. बँक हे ग्राहकाच्या प्रेमापोटी करत नाही, स्वतःचा पैसा वाचवायला करते. पण त्या तपासणीत खरेदीदारही वाचतो. रोखीने घेणाऱ्याच्या बाजूने असं बघणारं कोणीच नसतं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी होते, चार साक्षीदार सह्या करतात आणि आपण "घर झालं" म्हणतो. नोटरीने मालकी येत नाही. १०० रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते.

म्हणून बँकेचं काम आपणच करायचं. बयाणा देण्याआधी हे पाहा:

• सातबारा, फेरफार आणि अकृषक परवानगी. लेआऊट मंजूर असेल तर मंजूर नकाशाची प्रत मागा आणि नकाशातला नाला, मोकळी जागा आणि प्रत्यक्ष जागा जुळते का ते चालून पाहा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून शेजारचे गटही दिसतात.

• नियोजन क्षेत्रातला ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा लेआऊट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो. जाहिरातीत तो नसेल तर का नाही, हे विचारा.

• नोंदणीआधी वकिलाकडून सर्च रिपोर्ट. लाखोंच्या व्यवहारात या कामाचे काही हजार वाचवणं म्हणजे कुलूप न घेता तिजोरी घेणं.

• गूगल अर्थवर त्या जागेची मागच्या वीस वर्षांची चित्रं. बोडी किंवा तळं बुजवून लेआऊट टाकला असेल तर तिथे दिसतं.

• जागेवरची झाडं. बेशरमाची झुडपं, लव्हाळा, पाणकणीस जिथे माजलेलं असतं तिथे पाणी थांबतं. झाड खोटं बोलत नाही.

• शेजारची भिंत, विजेचा खांब, जुन्या झाडाचं खोड. पाण्याची रेघ राहते. रेल्वेच्या पुलांवर सर्वात मोठ्या पुराची पातळी रंगवलेली असते, जवळ असा पूल असेल तर तीही बघा.

• आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे महिना. प्लॉट मार्च-एप्रिलमध्ये दाखवले जातात. तेव्हा सगळंच कोरडं असतं. घाई करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये मोठा पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, चप्पल हातात घेऊन, तिथे जाऊन या. घरातल्या बायकांना सोबत न्या आणि त्यांना तिथल्या बायकांशी बोलू द्या. पाणी कुठपर्यंत येतं, संडास कधी तुंबतो, वीज किती दिवस जाते, याची पक्की खबर त्यांच्याकडे असते.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

एक साधा हिशोब मांडू. समजा, नाल्याकाठचा प्लॉट तीन लाखांचा आणि उंचावरचा तेवढाच प्लॉट पाच लाखांचा. दोन लाख वाचले असं वाटतं. आता समजा, दर तीन वर्षांनी एकदा घरात पाणी शिरतं. फ्रिज, कूलर, शिलाई मशीन, धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं, मोटारसायकलचं इंजिन आणि आठ-दहा दिवसांची बुडालेली मजुरी मिळून साठ हजार गेले. पंधरा वर्षांत असं पाच वेळा झालं तर तीन लाख. वाचलेले दोन लाख गेलेच, वर एक लाख गेला. आजारपण, मुलांची बुडालेली शाळा आणि दर पावसाळ्यातली झोप तर यात धरलीच नाही.

"सरकार मदत देईल" या भरवशावरही थोडं वास्तव पाहू. आपत्ती मदतीच्या केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये आहेत. पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं. पण घराच्या मदतीसाठी बांधकाम अधिकृत असावं, अशी अट निकषातच आहे. म्हणजे नोटरीवरच्या प्लॉटवर विनापरवानगी बांधलेलं घर पडलं, तर मालक दोनदा उघडा पडतो, आधी पाण्यापुढे आणि मग तहसीलच्या खिडकीपुढे. गुंठे नियमित होण्याचा खरा फायदा इथे आहे. ज्यांची घरं आधीच उभी आहेत, त्यांनी ही संधी सोडू नये. पण नवीन घेणाऱ्याने तिला सुरक्षिततेचा दाखला समजू नये.

विमाही आहे. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक अटींची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर, वादळ, आग, भूकंप येतं आणि घरातलं सामान इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत आपोआप धरलं जातं. विम्याबद्दल कोणाला शरई शंका असेल तर आपल्या आलिमांशी बोलून ठरवावं. मात्र जे विमा घेणार नाहीत त्यांनी तेवढी रक्कम दरवर्षी बाजूला टाकायची शिस्त लावून घ्यावी.

हैदराबादची आठवण

आमच्या भागातली सोयरीक आदिलाबाद आणि हैदराबादशी जुनी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबादेत हजारो माणसं नेली. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला आणि पुढे उस्मान सागर व हिमायत सागर हे दोन जलाशय बांधले गेले. राज्यकर्त्यांनी शहाणपण दाखवलं. पण ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच हैदराबादच्या जुन्या शहरात, फलकनुमाच्या बाजूला अल-जुबैल कॉलनीसारख्या वस्त्या पाण्यात गेल्या. तिथे मुसी कारण नव्हती. वरचा गुर्रम चेरुवू हा तलाव फुटला होता. तलावांच्या पोटात आणि त्यांच्या वाटेवर प्लॉट पडले होते. घेणारे बहुतेक आपल्यासारखेच, गल्फची कमाई लावलेले, आपल्या माणसांच्या शेजारी राहायचं म्हणून तिथे आलेले. मोठी नदी बांधून झाली, छोट्या तलावांकडे कोणी पाहिलं नाही.

आपल्या माणसांत राहण्याची ओढ समजण्यासारखी आहे. दुसऱ्या वस्त्यांत आपल्याला घर नाकारलं जातं, हाही अनेकांचा अनुभव आहे. त्यामुळे आपली निवड आधीच अरुंद होते आणि उरते ती सखल जागा. याविरुद्ध बोलत राहिलं पाहिजे. पण तोवर, निदान जी दोन-तीन ठिकाणं आपल्याला खुली आहेत, त्यांतलं उंच कोणतं, हे तरी आपण बघू शकतो.

पायाखालचा दगड, डोक्यावरचं ऊन

या जिल्ह्यात जमिनीखालीही बघावं लागतं. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत खोल गेलं. खाली जुन्या कोळसा खाणीची पोकळी होती. घरातली माणसं वेळेत बाहेर पडल्यामुळे जीव वाचले, पण आसपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. कोळशाच्या पट्ट्यात प्लॉट घेताना खाली जुनी खाण आहे का, आणि चुनखडीच्या खाणीजवळ घेताना सुरुंगाचे हादरे किती बसतात, हे दोन्ही विचारावं.

आणि ऊन. चंद्रपूर देशातल्या सर्वात तापणाऱ्या शहरांपैकी एक आहे. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढेही गेलेला आहे. पूर चार दिवस असतो, ऊन चार महिने. आपल्याकडची नवी घरं पुराला घाबरून स्लॅबची होतात आणि मग उन्हात भट्टी बनतात. उपाय महाग नाहीत. गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात दिला तर आतलं तापमान काही अंशांनी उतरतं. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. चुनखडीच्या तालुक्यात राहून गच्चीला चुना नाही, हे काही बरोबर नाही. समोरासमोर खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीला सावली आणि कडुनिंबाचं झाड, फक्त ते पायापासून दूर. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी लॉरी बेकर यांनी रुळवलेली बांधणी वापरली तर विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात आणि भिंत कमी तापते. औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या विटा याच जिल्ह्यात बनतात, त्याही चालतात.

पाण्यासाठी घरात काय करावं? जोतं आठवणीतल्या सर्वात मोठ्या पाण्यापेक्षा किमान दीड फूट वर. विजेचं मीटर आणि बटणं कमरेच्या वर. संडासाच्या पाइपला उलटं पाणी रोखणारी झडप. बोअरचा पाइप जमिनीपासून उंच. कागदपत्रांसाठी उंच फळी. आणि गच्चीवर जायला पक्का जिना, हा खर्च वाचवू नका. एक भान मात्र ठेवावं. आपण भराव टाकून अंगण उंच केलं की आपलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. भराव टाकायचा तर संपूर्ण गल्लीने मिळून, नाली मोकळी ठेवून टाकावा. शेजाऱ्याचा हक्क काय असतो, हे आपल्याला नव्याने शिकवायची गरज नसावी.

एकट्याने होणार नाही

खरेदीदार कितीही शहाणा झाला तरी नाल्यावर लेआऊट पाडणारा मोकाट असेल तर उपयोग नाही. नगर परिषद, नगर पंचायत, महापालिका यांनी नदीबरोबर नाल्यांच्याही पूररेषा आखून नकाशे वॉर्डात लावावेत. गुंठे नियमित करताना निळ्या रेषेच्या आतले तुकडे वेगळे काढून त्या कुटुंबांना उंचावर पर्यायी जागा द्यावी. कागद हातात देऊन पाण्यात सोडून देऊ नये. ही मागणी आता, प्रक्रिया सुरू असतानाच करायची वेळ आहे.

आणि आपल्या हातातलं काम आपण सुरू करू. प्रत्येक मशिदीच्या जमातीने एक वही ठेवावी. कोणत्या वर्षी, कोणत्या गल्लीत, किती पाणी आलं, किती तास थांबलं, एवढंच त्यात लिहायचं. शाळेतली मुलं विजेच्या खांबांवर पाण्याची खूण आणि तारीख रंगवू शकतात. पर्यावरण प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला विषय कोणता? पुराच्या रात्री मशिदी-मदरशांचे दरवाजे आपण सर्वांसाठी उघडतो, भाकरी-खिचडी वाटतो, त्याचा अभिमान आहेच. पण त्या रात्री मदत करणारी जमात चैत्र-वैशाखात प्लॉट घेणाऱ्याला ती वही दाखवू शकली, तर त्या रात्रीची गरजच कमी होईल.

यंदा कोणी तुमच्याकडे "आता सगळं कायदेशीर होणार" म्हणत आलं, तर त्याला चहा पाजा आणि एवढंच सांगा, "पावसाळ्यात एकदा सोबत येऊन जागा दाखवा, बयाणा तिथेच देतो."